खाडा मांडायचा, सालदार काढायचा नाही

मी समुपदेशक आहे, आणि मागच्या काही महिन्यांत ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आलीय की आता समोरचा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मला कळतं. "मॅडम, डॉक्टरनं चालाले सांगतलं, पण टाइमच भेटत नाही." कृषी केंद्रवाले दादा हेच म्हणतात, झेडपीचे गुरुजी हेच म्हणतात, आशाताई तर दिवसभर घरोघर फिरून येऊन हेच म्हणतात. मग थोडं थांबून, आवाज जरा खाली करून पुढचं वाक्य येतं, "आणि सुरू केलं तरी टिकत नाही जी." माझ्या मते खरी तक्रार ही दुसरी आहे. टाइम काढता येतो, त्याचं आपण पुढे बघू. पण "टिकत नाही" म्हणणारा माणूस स्वतःला मनातल्या मनात काय काय बोलत असतो ते ऐकलं की जीव तुटतो.

म्हणून एका ताईंबद्दल लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय, नाव-गाव सांगणार नाही आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात. आमच्या बऱ्याच भेटी झाल्या, त्यातलं मोजकंच इथे देते.

ताई चाळिशीच्या आसपास. नवरा एसटीत, ड्युटी दुसऱ्या डेपोला, त्यामुळे घरी येणं आठवड्यातून एखाद-दोनदा. सहा एकर वावर, कपाशी, तूर, मागून थोडा हरभरा, सगळं ताईच बघतात, हाताखाली एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. घरात सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.२ आली होती, म्हणजे शुगर लागलेली नाही पण उंबरठ्यावर उभी आहे (५.७ ते ६.४ ही ती उंबरठ्याची पट्टी). डॉक्टरांनी गोळी न देता रोज चालायला सांगितलं आणि झोप लागत नाही, रडू येतं म्हणून माझ्याकडे पाठवलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "दिवसभर कामच तर करतो ना मी, मग वेगळा व्यायाम कायले?"

प्रश्न रास्त आहे, गावात हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मी म्हटलं चला, आपण कालचा दिवस मोजू. सकाळी स्वयंपाक, डबे, भांडी, मग स्कूटीवर वावरात, अडीच किलोमीटर. तिथे मजूर बाया निंदायला, ताई धुऱ्यावर (बांधावर) उभ्या, कधी डबा-पाणी बघ, कधी खताची पोती मोज, परत स्कूटीवर घरी, मग दुकान, बँक, मुलांचा अभ्यास. लग्न होऊन आल्या तेव्हा हेच अडीच किलोमीटर त्या डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन चालत जायच्या. गाडी आली आणि चालणं गेलं, आणि ते गेलं हे कोणाला कळलंसुद्धा नाही. सगळ्या दिवसात छातीचे ठोके जरा वाढतील, श्वास थोडा जोरात होईल अशी मिनिटं आम्ही शोधली तर दहासुद्धा भरेनात. स्वतः निंदायला, फवारायला उतरतात त्या दिवशी शरीराला व्यायाम होतोच, तो धरायचाच. पण बाकीच्या दिवशी थकवा येतो तो उभं राहून, ऊन लागून, डोक्यात हिशोब फिरून येतो. शरीर दमलं म्हणजे व्यायाम झाला असं नसतं, एवढंच मी त्यांना म्हटलं.

मग आधी काय काय करून पाहिलं ते निघालं. १ जानेवारीला सुरू केलं, सकाळी पाच वाजता एक तास. बारा दिवस झाले आणि हरभऱ्याच्या ओलिताला लाइन (शेतीची वीज) रात्रीची आली, दोन रात्री जागरण, तिसऱ्या सकाळी पाचला कोण उठणार. पाडव्याला परत सुरू केलं, ते लग्नसराईत गेलं. रिपोर्ट आल्यावर जूनमध्ये नवीन बूट आणून तिसऱ्यांदा सुरू केलं, ते पेरणीत गेलं. तिन्ही वेळा बंद पडायला खरंखुरं कारण होतं, आळस एकदाही नव्हता, हे त्यांना दिसत नव्हतं पण मला स्पष्ट दिसत होतं.

मी विचारलं, "ताई, जागरणामुळे तेरावा दिवस चुकला हे समजलं. पण लाइन परत दिवसाची झाली, झोप पूर्ण झाली, त्या सकाळी का नाही गेलात?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मनात आलं का, आपल्याच्यानं काही होत नाही. बाकीच्या बाया कश्या करतात? आपल्यात जिद्दच नाही. पाचलेच उठलं पाह्यजे होतं, एक तास झालाच पाह्यजे होता, रोजच गेलं पाह्यजे होतं."

मी कागदावर फक्त तीन 'च' लिहिले आणि त्यांच्यापुढे सरकवले. पाचलाच. झालाच. रोजच.

माझी सगळी शिकवण विवेकनिष्ठ पद्धतीची आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत पोचवली. इतकी वर्षं हे काम करून माझा यावरचा विश्वास वाढतच गेलाय. इच्छा असणं चांगलं, रोज चालावं ही इच्छा उत्तमच, पण इच्छेचा हट्ट झाला की घात होतो, आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. रोज चालायचंय असं म्हणणाऱ्याचा दिवस चुकला तर त्याला वाईट वाटतं आणि तो उद्या जातो. रोजच चाललं पाहिजे म्हणणाऱ्याचा दिवस चुकला की तो स्वतःच्या नजरेतून उतरतो, आणि नजरेतून उतरलेल्या माणसाला पहाटे कोण उठवणार?

ताईंना हे पटलं, मान हलवली, पण डोक्याने पटलं. डोक्याने पटणं आणि आतून हलणं यात फरक असतो आणि तो समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतो. पुढच्या भेटीला त्या तीनच दिवस चालून आल्या होत्या, मान खाली.

त्या दिवशी त्या परस्पर बाजारातून आल्या होत्या, सालदाराला उचल द्यायची होती म्हणून. पिशवीतून पाण्याची बाटली काढताना एक वही बाहेर आली, निळं कव्हर, कोपरे दुमडलेले, आत आडव्या रेघा मारून महिने पाडलेले. मी सहज विचारलं, हे काय?

"सालदाराची वही हाय. उचल अन् खाडे."

"किती खाडे झाले?"

त्यांनी बोटाने मोजले. "पाडव्यापासून नऊ."

"नऊ? मग काढून नाही टाकलं त्याला?"

"काहून काढीन?" त्या जवळजवळ रागावूनच म्हणाल्या. "माणूस हाय मॅडम, खाडे होतातच. पोरगं बिमार पडते, सोयऱ्याकडे जा लागते. खाडा मांडायचा अन् दुसऱ्या दिवशी कामाले लावायचं. असं काढत बसलं तर कास्तकारी व्हइन का?"

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं फार महत्त्वाचं असतं, मला ते शिकायला काही वर्षं लागली. पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी मोटरसायकलला किका मारत होतं. ताई वहीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अन् मी स्वतःले पह्यल्याच खाड्यात काढून टाकतो."

डोळ्यांत पाणी होतं पण चेहरा मोकळा झाला होता. मी त्या वहीचं मागचं कोरं पान उघडून दिलं आणि म्हटलं, इथे तुमचं नाव लिहा. त्यांनी लिहिलं, पूर्ण नाव, आडनावासकट, आणि खाली रेघा मारल्या.

मी त्यांना विचार बदलायला सांगत होते आणि विचार त्यांच्याजवळ आधीच होता, फक्त दुसऱ्यासाठी राखून ठेवलेला. आपल्या बायांकडे सालदारासाठी, लेकरासाठी, सुनेसाठी, अगदी बैलासाठीही समजूत असते, स्वतःसाठी नसते. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, तुमच्या आयुष्यात तुम्ही कोणाचे खाडे समजून घेता? उत्तर नेहमी सापडतं.

आता टाइमचं. रोज पहाटे पाच ते सहा हे वेळापत्रक ज्याचा प्रत्येक दिवस सारखा असतो त्याचं आहे. कास्तकाराचा दिवस हंगामावर, लाइनीवर, मजुरावर चालतो. त्याने घड्याळाला बांधून घेतलं की खाडे पडणारच, त्यापेक्षा रोज जे काम होतंच त्याला चालणं बांधायचं. ताई रोज वावरात जातातच. मग वावरात पोचलं, स्कूटी लावली, की आधी धुऱ्याने फेरा, मग बाकी काम. सहा एकराचा तुकडा चौकोनी असेल तर त्याचा एक फेरा साधारण सव्वासहाशे मीटर होतो, तीन फेरे म्हणजे जवळपास दोन किलोमीटर, झपझप चाललं तर तेवीस-चोवीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, दिवसाला बावीस मिनिटं सुद्धा नाही. म्हणजे ताईंचं ग्राउंड त्यांच्याच सातबाऱ्यावर होतं! झपझप म्हणजे किती, तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं.

यात अजून एक गोष्ट सुटली. रस्त्याने साडीवर बूट घालून एकटी बाई चालली की लोक बघतात, "कुठं चालली व?" विचारतात, आणि ताईंना त्याचीच जास्त लाज होती, ती त्यांनी चौथ्या भेटीला सांगितली. धुऱ्यावर फिरणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. शिवाय फेऱ्यात रानडुकरं कुठून शिरली ते दिसतं, कामगंध सापळ्यात बोंडअळीचे पतंग किती आले ते दिसतं. व्यायाम आपल्या कामाचा वाटला की मन आपोआप त्याच्या बाजूने उभं राहतं. ज्यांना वावर नाही त्यांनी शाळेचं मैदान बघावं, दुकानदाराने शटर उघडायच्या आधी बाजाराला दोन चकरा माराव्या. हायवेच्या कडेने अंधारात मात्र चालू नका, आणि मे महिन्यात सकाळी सातच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावर. पावसात काळी माती चपलेला किलोकिलोने चिकटते, धुरा चालण्यासारखा राहत नाही, साप-विंचवाचीही भीती. तेव्हा ताई स्कूटी नाल्याच्या पुलाजवळ लावून डांबरी रस्त्यानेच पुढे चालायच्या, त्या दिवसांपुरतं लोकांचं बघणंही सोसलं.

आणि तेवीस मिनिटं एकदम नाही निघाली तर तुकडे करा. पूर्वी किमान दहा मिनिटं सलग हवीत असं सांगायचे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकलीय, पाच मिनिटंसुद्धा धरतात. साखर काठावर असलेल्यांनी एक तुकडा जेवणानंतर ठेवावाच, चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात म्हणून जेवणानंतरची उसळी कमी होते. रात्री जेवून अंगणात दहा मिनिटं, सासूबाईंना सोबत घेऊन. आठवड्यातून दोन दिवस जरा ताकदीचं काही, खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर. छातीत दुखत असेल, चालताना धाप लागत असेल, शुगर-बीपीची गोळी सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एकवीस दिवसांत सवय लागते हे व्हॉट्सअपवर फिरणारं वाक्य कृपा करून विसरा. मी कितीतरी लोकं पाहिलीत जी बाविसाव्या दिवशी सवय लागली नाही म्हणून हताश होऊन आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. आणि त्यात माझ्या आवडीची गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही खास फरक पडला नाही. हे मी ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग लंडनवाले बी खाडेच मांडत होते ना."

वहीत पुढे त्यांनी स्वतःच एक सुधारणा केली, ती मला सुचली नव्हती. खाडा वेगळा आणि सुट्टी वेगळी. लाइन रात्रीची येणार, घरात लग्न आहे, हे आधीच माहीत असतं, तिथे आधीच 'सुट्टी' लिहून ठेवायचं आणि त्या दिवशी फक्त जेवणानंतरची दहा मिनिटं. अचानक हुकलं तर खाडा. दोन्हीला लागू एकच नियम, पुढच्या दिवशी कामावर हजर.

सप्टेंबरच्या शेवटी त्या वही घेऊन आल्या. ९० दिवसांत ५६ हजेऱ्या, बाकी ३४ खाडे आणि सुट्ट्या मिळून. आधीची सगळ्यात मोठी मजल बारा दिवसांची होती. झोप लागायला लागली होती, घरी सासूबाई संध्याकाळी "झाला का व फेरा?" विचारायला लागल्या होत्या, आणि नवरा ड्युटीवरून फोन केला की आधी हजेरी विचारतो असं सांगताना त्या लाजल्या. साखर परत तपासायला अजून महिना होता, पण त्याची मला त्या दिवशी काळजी वाटत नव्हती.

मी पानं चाळत होते. एका बाजूला सालदाराचा महिना, दुसऱ्या बाजूला ताईंचा, त्याच निळ्या पेनाने, तशाच रेघा. पोळ्याच्या दिवशी दोघांच्याही नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'सुट्टी'.