चित्रकला की शिल्पकला: खानापूर तालुक्यातील एका पालकांच्या प्रश्नाला उत्तर

खानापूर तालुक्यातील एका पालकांनी विचारले आहे की, त्यांची मुलगी यंदा पीयूसी (बारावी) उत्तीर्ण झाली, तिने शाळेत असताना ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर ग्रेड परीक्षा दिल्या, गणपतीच्या दिवसांत ती शेजारच्या मूर्तिकाराकडे मातीत रमते आणि आता तिला कला महाविद्यालयातच जायचे आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत. शिल्पकलाच करायची असेल तर चित्रकलेत वर्षे घालवणे आवश्यक आहे का? बेळगाव भागातून नेमके कुठे जावे? आणि ‘हे मुलीचे काम नव्हे’ असे नातेवाईक म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे? मी स्वतः चित्रकलेकडून शिल्पकलेकडे वळलो आणि पुढे या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना शिकवल्या, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, शिल्पकाराला रेखाटन चित्रकाराइतकेच लागते, मात्र ते वेगळ्या प्रकारचे लागते, आणि हा फरक तिला महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वीच समजला तर तिचे पहिले वर्ष सत्कारणी लागेल. ग्रेड परीक्षांची तयारी करताना मुले एका जागी बसून एका बाजूने वस्तुचित्र काढतात आणि छायाप्रकाश नीट घोटला की गुण मिळतात. शिल्पासाठी रेखाटन करणाऱ्याने मात्र त्या वस्तूभोवती फिरायला हवे. घरातली घागर समोर ठेवून तिचे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि जमिनीच्या पातळीवरून रेखाटन करावे. मग घागर नजरेआड करून, आतापर्यंत न काढलेल्या एखाद्या कोनातून ती केवळ आठवणीने काढावी. हे शेवटचे रेखाटन जमले, तर त्या घागरीचे आकारमान मनात उतरले आहे असे समजावे. जमले नाही, तर आधीच्या सुंदर शेडिंगमागे केवळ पृष्ठभागाची नक्कल होती, हे उघड होते.

मोबाइलवरील छायाचित्रावरून रेखाटन करण्याची सवय लागली असेल, तर ती निदान या वर्षी पूर्णपणे सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्रात तिसरी मिती आधीच सपाट झालेली असते. डोळ्यांनी करायचे सर्वांत अवघड काम, म्हणजे खोली ओळखून तिचे कागदावर रूपांतर करण्याचे काम, यंत्राने आपल्या आधीच उरकलेले असते, आणि नेमके तेच काम शिल्पकाराला आयुष्यभर करायचे असते. रेखाटनासाठी समोर माणूस बसवावा. घरातील कोणीही चालेल, भाजी निवडणारी आजी सर्वांत उत्तम, कारण तिची बैठक बराच वेळ स्थिर राहते आणि हात मात्र हलत राहतात. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने प्रमाण मोजण्याची पद्धत तिला ठाऊक असेलच. त्याच्या जोडीला दोऱ्याला वजन बांधून ओळंबा धरण्याची सवय लावावी. उभ्या माणसाच्या मानेच्या खळगीतून सोडलेली ओळंब्याची रेषा भार पेलणाऱ्या पायाच्या जवळ उतरते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की, शरीराचा तोल म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय कळू लागते. चित्रात तोल चुकला तर आकृती ओढूनताणून उभी केल्यासारखी दिसते. मातीत चुकला तर ती खरोखरच कलंडते.

आपल्या भागात अशा अभ्यासासाठी जागांची उणीव नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, जिचे बांधकाम रट्ट घराण्याच्या काळात १२०४ मध्ये झाले, तिच्या छतातील दगडी कमळाकडे खाली उभे राहून पाहावे आणि पाकळ्यांचे थर एकामागोमाग कसे खोल जातात हे केवळ रेषांनी, शेडिंग न करता, दाखवण्याचा प्रयत्न करावा. आपल्याच तालुक्यातील हलशीला कदंबकालीन भूवराह नरसिंह मंदिर आहे. अशा ठिकाणी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे, कारण तिरक्या प्रकाशात दगडातील उठाव स्पष्ट दिसतो आणि भर दुपारी तोच उठाव पुसून गेल्यासारखा वाटतो. उठावशिल्पाची, म्हणजे पृष्ठभागावर उठवून कोरलेल्या शिल्पाची, सारी मदार प्रकाश कोठून येतो यावर असते. हे वर्गात सांगून पटत नाही, तेथे दोन वेगवेगळ्या वेळी जाऊन एकच भाग काढला की पटते. बेळगावला वास्तववादी चित्रकलेची मोठी परंपरा आहे हेही मुलीला सांगावे. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी या शहरात राहून विद्यार्थी घडवले. बेळगावात जन्मलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे देशभर नावाजले गेले. निरीक्षणातून केलेले रेखाटन हाच त्या परंपरेचा पाया होता.

आता मातीविषयी. गणपतीच्या मूर्तीवर काम करण्याचा तिचा अनुभव मोलाचा आहे, त्याला कोणी कमी लेखू नये. शाडूचा ओलावा बोटांना कळणे, अंगठ्याचा दाब किती द्यावा हे उमगणे, या गोष्टी महाविद्यालयात नव्याने शिकणाऱ्यांना बराच काळ छळतात. तरीही मूर्तिकाराकडील बरेचसे काम साच्यातून निघालेल्या आकारावर होत असते, तर महाविद्यालयात साचा शेवटी येतो. तेथे सुरुवात सांगाड्यापासून, म्हणजे आर्मेचरपासून होते. लाकडी पाटावर लोखंडी सळई उभी करून तिला तारा गुंडाळतात आणि मातीचा भार खाली सरकू नये म्हणून तारेला लहान लहान लाकडी फुल्या टांगतात, ज्यांना स्टुडिओत ‘बटरफ्लाय’ म्हणतात. सांगाडा वाकवतानाच आकृतीची ढब ठरते. मान कोणीकडे वळली आहे, खांद्यांचा उतार कोणता आहे, हे तारेत आले नाही तर वर कितीही माती लावली तरी ते येत नाही. म्हणूनच सांगाड्याला हात लावण्यापूर्वी चारही बाजूंनी केलेली जलद रेखाटने हाताशी असावी लागतात. चित्रकला वगळून थेट शिल्पाकडे जाता येईल का, या प्रश्नाचे खरे उत्तर येथे मिळते.

माती चढवल्यावर काम रोज फिरवून पाहावे लागते, त्यासाठी फिरता स्टँड असतो. संध्याकाळी ओले फडके आणि त्यावर प्लॅस्टिक गुंडाळायचे, सकाळी पाणी शिंपडायचे, हा नेम एक दिवस चुकला तरी माती सुकून आकसते आणि आतला लोखंडी सांगाडा आकसत नसल्यामुळे तडे जातात. याच कारणामुळे सांगाड्यावरचे काम भट्टीत भाजता येत नाही, त्याचा साचा घेऊन दुसऱ्या माध्यमात ते ओतावे लागते. भाजायचे असेल तर काम आतून पोकळ, सर्वत्र सारख्या जाडीचे आणि पूर्ण वाळलेले हवे, कारण आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली की तुकडे उडतात.

प्लास्टरचा पहिला साचा, म्हणजे वेस्ट मोल्ड, करताना मातीच्या कामाला लागून असलेल्या पहिल्या थरात थोडी नीळ मिसळतात. साच्यातली माती काढून, आत साबणाचे पाणी लावून नवे प्लास्टर ओतले आणि ते घट्ट झाले की बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा असतो, तेव्हा निळा थर दिसू लागताच हात हलका करायचा, कारण त्याच्या लगेच खाली आपले शिल्प असते. ही साधी युक्ती मला आजही अतिशय सुंदर वाटते. त्यानंतरच्या वर्षांत पीस मोल्ड (सुट्या तुकड्यांचा, पुन्हा वापरता येणारा साचा), फायबर, लाकूड, दगड, वेल्डिंग आणि जेथे सोय असेल तेथे ब्राँझचे ओतकाम येते. मेणाची प्रतिकृती, तिच्याभोवती उष्णता सोसणारा साचा, मेण वितळवून केलेली पोकळी आणि त्यात हजार अंशांहून अधिक तापलेला धातू, हा क्रम प्रत्यक्ष पाहिलेला विद्यार्थी शिल्पाकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहत नाही.

हे सारे लिहिण्याचा हेतू असा की, महाविद्यालय निवडताना काय पाहायचे ते यातूनच ठरते. इमारत, वार्षिक प्रदर्शनाची छायाचित्रे, माहितीपत्रक यांना फारसे महत्त्व देऊ नये. प्रवेशापूर्वी एकदा मुलीला घेऊन प्रत्यक्ष जावे आणि शिल्पकला विभागाची शेड पाहावी. मातीचा हौद ओला आहे की कोरडा पडला आहे? भट्टी शेवटची कधी पेटली? विद्यार्थ्यांसमोर मॉडेल बसवले जाते की छायाचित्रांवरून काम चालते? संध्याकाळी वर्ग संपल्यावर शेड उघडी राहते का? आणि सर्वांत आधी हे विचारावे की, तेथे शिल्पकला हा पदवीचा स्वतंत्र विषय आहे की केवळ पायाभूत वर्षातील एक तास. अनेक ठिकाणी चित्रकला आणि उपयोजित कला (जाहिराती वगैरेंसाठीची कला) एवढेच पर्याय असतात, आणि ही गोष्ट प्रवेश झाल्यावर कळली तर एक वर्ष हातचे जाते.

आपल्याकडून जवळची ठिकाणे म्हणजे कोल्हापूर, धारवाड आणि पणजी. कोल्हापूरला कलेचा मोठा वारसा आहे. चित्रपटांमुळे ख्यात झालेले बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) उत्तम शिल्पकारही होते. कोल्हापूरच्या कलानिकेतन आणि दळवीज या संस्था आपल्या भागातील मुलांना परिचित आहेत, राहण्याचा खर्च आटोक्यात राहतो आणि भाषेची अडचण नसते. रेखाटनाचा पाया पक्का करण्यासाठी मी कोल्हापूरला पहिली पसंती देईन. शिल्पकलेत पदवी घ्यायची असेल तर मात्र दूर जाण्याची तयारी ठेवावी. मुंबईतील सर ज. जी. कला महाविद्यालय (जे. जे.) १८५७ पासून चालू आहे आणि तेथे शिल्पकलेचा स्वतंत्र विभाग आहे. कर्नाटकात बेंगळुरूची चित्रकला परिषद (स्थापना १९६०) आणि म्हैसूरची चामराजेंद्र अकादमी या दोन्ही ठिकाणी शिल्पकला शिकवली जाते, आणि कर्नाटकातील रहिवासी म्हणून आपल्या मुलीला तेथे अडचण येऊ नये. कन्नड तिला शाळेत थोडेफार आले असेल, राहिलेले तेथे येईल. स्टुडिओतील शिकणे बहुतांशी हातांच्या आणि डोळ्यांच्या भाषेत चालते. बडोद्याची ललित कला विद्याशाखा (१९५०) आणि शांतिनिकेतनचे कलाभवन (१९१९) यांचा विचार पदव्युत्तर शिक्षणासाठी जरूर करावा.

उपयोजित कलेत नोकरी लवकर मिळते हे नातेवाइकांचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ज्या मुलीचे हात मातीकडे ओढ घेतात, तिला चार वर्षे संगणकाच्या पडद्यासमोर बसवून ती नोकरी तिला रुचेलच असे नाही. शिल्पकाराला पुतळ्यांची कामे, चित्रपट-नाटकांचे सेट, संग्रहालयांच्या प्रतिकृती, अध्यापन, आणि आता संगणकावरील त्रिमितीय मॉडेलिंग, असे मार्ग आहेत. उत्पन्न सुरुवातीला अनियमित असते, ही वस्तुस्थिती घरात मोकळेपणाने बोलून ठेवावी.

मुलीचे काम नव्हे, या आक्षेपाला मात्र मी अजिबात मान्यता देत नाही. कनका मूर्ती (१९४२–२०२१) या आपल्याच राज्यातील शिल्पकार होत्या आणि त्यांनी परंपरेने पुरुषांचे मानलेले दगडी मूर्तिकाम बेंगळुरूत राहून आयुष्यभर केले. मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) यांनी बस्तरच्या कारागिरांकडून धातूच्या ओतकामाची रीत शिकून मोठमोठी ब्राँझ शिल्पे घडवली. जड दगड उचलायला पुरुष शिल्पकारही कप्पी आणि माणसे वापरतात. धूळ, फायबरची रसायने आणि वेल्डिंगचा प्रकाश यांपासून मास्क, हातमोजे आणि चष्मा वापरून जपणे सर्वांनाच आवश्यक आहे, आणि याबाबत शिक्षक निष्काळजी असतील तर पालकांनी बोलायला हवे.

प्रवेश सुरू होईपर्यंतच्या काळात तिला आठवड्यातून काही दिवस मातीत काम करू द्यावे. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाचे कुंभारकामाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे जाऊन माती कशी मळतात, भट्टी कशी लावतात हे तिने पाहावे. एक सूचना आग्रहाने करतो: तिने स्वतःच्या डाव्या हाताचे, खऱ्या हाताएवढे, मातीचे काम करावे, आणि त्याआधी त्याच हाताची निरनिराळ्या कोनांतून रेखाटने करावीत. मॉडेल फुकट आहे आणि सदैव जवळ आहे. ही रेखाटने आणि मातीच्या हाताची छायाचित्रे मुलाखत असलेल्या कोणत्याही संस्थेत पोर्टफोलिओ म्हणून दाखवता येतील. चांगल्या शिक्षकाला त्यात, एखाद्या नटीच्या गुळगुळीत पेन्सिल-चित्रापेक्षा अधिक काही दिसेल.

महाराष्ट्रात जायचे ठरले तर कागदपत्रांकडे आतापासूनच लक्ष द्यावे. तेथील कला पदवीसाठीच्या सामाईक प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असे भाग असतात. जे. जे. मात्र २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झाल्यामुळे त्यांची सूचना वेगळी वाचावी. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशाच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र तरतूद असते. आपले गाव आणि मुलीची शाळा ज्या गावात आहे ते गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का ते तपासावे, आणि मातृभाषेच्या व शाळा-महाविद्यालयाच्या दाखल्यांचे नमुने यंदाच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावेत. शाळेकडून मिळणाऱ्या दाखल्याला सुट्टीच्या काळात वेळ लागतो, म्हणून मुख्याध्यापकांना याच आठवड्यात भेटावे.