सगळ्या सावरतात, मग मीच का नाही?

परभणीकडच्या एका गावातून पुण्याला इंजिनिअरिंगला आलेली मुलगी लिहिते: "एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्स राहिले. एटीकेटीवर दुसऱ्या वर्षाला आहे. रूमवरच्या मुलींचेही विषय राहिलेत, तरी त्या हसतात-खेळतात. मला सकाळी उठवत नाही. बाबांनी कर्ज काढलंय, म्हणून घरी सांगितलेलं नाही. हे कॉलेज माझ्यासारखीसाठी नाहीच. मी मुळातच कमकुवत आहे का?"

बाळ, कमकुवत नाहीस, एकटी पडली आहेस. रूमवरच्या मुलींनी आपले निकाल एकमेकींना सांगून टाकले असणार. तू तुझा उराशी धरून बसलीस, म्हणून तो तुला जास्त जड झालाय.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबीत, भांडणाऱ्या घरांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं छान उभी राहिली. स्वभावाचा वाटा होताच. पण अशा मुलांना भरवशाचं एखादं तरी मोठं माणूस लाभलं होतं: आजी, मावशी, शिक्षक. तुझं असं माणूस कोण आहे? बाबांना थेट सांगवत नसेल, तर आधी आईला किंवा मामाला सांग. कर्ज काढणाऱ्या बापाला निकालापेक्षा लेकीनं लपवलेलं जास्त लागतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि "माझ्यासारखीसाठी नाहीच" हे मनातून काढ. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना तासाभरात एवढंच पटवलं, की परकेपणा सुरुवातीला बहुतेकांना वाटतो आणि पुढे ओसरतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेलेले दिसले. अभ्यासक्रम तोच होता, मुलंही तीच होती.

सकाळी उठवत नाही, हे मात्र मी हलक्यात घेणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखव. जीव नकोसा वाटला, तर त्याच क्षणी टेली-मानसला १४४१६ वर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

उद्या तुमच्या जीएफएमना, म्हणजे तुमच्या गटाची काळजी घेणाऱ्या शिक्षकांना भेट, निकाल दाखव. एम-वनसाठी कुणाजवळ बसायचं ते विचार, आणि परीक्षेचा फॉर्म भरायची तारीखही.