कॅन्सरला हरवल्याची ग्वाही देणारी पुस्तकांची नावं रुग्णाला आधार देतात की दिशाभूल करतात?

निदान नुकतंच झालेलं असताना अशा नावाने धीर येतो, आणि तो धीर खरा असतो. पण पुस्तक लिहायला आजारातून जिवंत वाचलेलाच माणूस उरतो ना! मुखपृष्ठावर विजय असतो. कॅन्सर कुठल्या अवयवाचा, कितव्या स्टेजचा, हे आत शोधावं लागतं. पहिल्या स्टेजचा वृषणाचा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो, पसरलेला स्वादुपिंडाचा क्वचितच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका चाचणीत आधारगटामुळे (रुग्णांनी एकत्र भेटून मन मोकळं करायचा गट) स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास आणि वेदना कमी झाल्या, आयुष्य मात्र वाढलं नाही. त्यामुळे ‘इच्छाशक्तीने बरे व्हा’ असं सुचवणारं नाव मला घातक वाटतं. आजार उलटला की रुग्ण स्वतःलाच दोष देत बसतो. आणि केमो सोडायला सांगणारं पुस्तक तर कुणाला भेटही देऊ नका.