अमेरिकेत तासिका तत्त्वावर साहित्य शिकवायचं असेल तर

तुझा प्रश्न वाचला. परभणी जिल्ह्यात दोन कॉलेजांत तू सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) इंग्रजी शिकवतेस, एम.ए. आणि सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) झालंय, नवऱ्याला एच-वन-बी हा अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा मिळालाय आणि दिवाळीनंतर एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर तूही ओहायोला निघणार. तिथं एखाद्या कॉलेजात साहित्याच्या पहिल्या कोर्सला तात्पुरती लेक्चरर म्हणून लागता येईल का, आणि तो कोर्स शिकवतात कसा, असं तू विचारलंस. मी सेलूची. आपल्याकडे सीएचबी करूनच इकडे आले आणि आता इथल्या एका सरकारी विद्यापीठात हाच कोर्स शिकवते. म्हणून जरा मोठं लिहिते.

सगळ्यात आधी व्हिसाचं. एच-फोरवर शिकता येतं, पण कामाचा परवाना हातात असल्याशिवाय नोकरी करता येत नाही. हा परवाना देण्याचा नियम २०१५ पासून आहे. पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरची आय-१४० ही पायरी मंजूर झालेली असेल, किंवा त्याचा एच-वन-बी त्या प्रक्रियेमुळे सहा वर्षांच्या पुढे वाढलेला असेल, तरच तो मिळतो. म्हणजे नवरा नवाच जात असेल तर पहिली काही वर्षं तुला पगारी तास घेता येणार नाहीत. ‘तोवर फुकट शिकवते’ असंही कुणाला म्हणू नकोस. ज्या कामाला एरवी पगार असतो ते बिनपगारी केलं, तरी व्हिसाच्या नियमांत अडचण येऊ शकते. नवऱ्याच्या कंपनीला आताच स्पष्ट विचार की ग्रीन कार्डाची प्रक्रिया कधी सुरू करणार. तुझ्या नोकरीचं सगळं गणित त्या एका उत्तरावर आहे.

आता पात्रता. सेट-नेटला इथं कुणी विचारत नाही, एम.ए.ला विचारतात. बहुतेक कॉलेजांत साहित्यातली एम.ए. चालते, किंवा दुसऱ्या विषयातली एम.ए. आणि वर साहित्याची एम.ए. पातळीची १८ क्रेडिट्स (अभ्यास मोजायचं इथलं एकक). आपली तीन वर्षांची बी.ए. आणि दोन वर्षांची एम.ए. मिळून बहुधा हिशेब जुळतो. फक्त गुणपत्रिकांचं मूल्यांकन एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेकडून विषयवार करून घ्यावं लागतं.

पैशाचं स्पष्टच सांगते, कारण इथंच आपल्या माणसांचा मोठा गैरसमज असतो. तात्पुरत्या लेक्चररला इथं ‘अ‍ॅडजंक्ट’ म्हणतात आणि त्याला कोर्समागे पैसे मिळतात. देशभराची सरासरी एका कोर्सला चार हजार डॉलरच्या आतबाहेर आहे. त्यात आरोग्य विमा बहुतेक वेळा नसतो, उन्हाळ्याचा पगार नसतो आणि पुढच्या सत्राची खात्री नसते. पुरेशी मुलं आली नाहीत तर सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात कोर्स रद्द होतो. तू म्हणशील, हे तर आपल्याकडच्यासारखंच झालं. खरंच तसंच आहे. इथल्या प्राध्यापकांच्या संघटनेचे आकडे सांगतात की १९८७ मध्ये सुमारे ४७ टक्के शिक्षक कायम नेमणुकीच्या वाटेबाहेर होते, २०२१ पर्यंत ते ६८ टक्के झाले. अमेरिकेत गेलं की वर्कलोडची आणि ऑर्डरची चिंता संपते, असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नकोस.

कामाचा अंदाज घे. पंचवीस मुलांचा वर्ग, प्रत्येकाचे चार निबंध, म्हणजे शंभर पेपर. एकेक पेपर वाचून त्यावर उपयोगाचं काही लिहायला वीस मिनिटं धरली तरी नुसत्या तपासणीचे तेहेतीस तास होतात. वर्गातले पंधरा आठवडे, आठवड्याला अडीच तास, ते वेगळे. भेटीचे तास आणि ई-मेलं वेगळी.

तरीही मी हा कोर्स सोडलेला नाही. त्याचं कारण वर्गात आहे.

आपल्याकडे अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, पेपर विद्यापीठ काढतं, उत्तरपत्रिका तपासायला कॅप सेंटरला, म्हणजे विद्यापीठाच्या केंद्रावर जातात. पोरं ‘मॅडम, आयएमपी (परीक्षेला येणारे महत्त्वाचे प्रश्न) सांगा’ म्हणतात, कारण त्यांच्या हातात दुसरं काही नसतं. इथं कोर्सचं नाव आणि उद्दिष्टं विभाग देतो, बाकी पुष्कळसं तुझ्यावर असतं: कुठल्या कविता, कुठल्या कथा, कुठलं नाटक, किती गुण कशाला. हे सगळं पहिल्या दिवशी सिलॅबसमध्ये लेखी द्यायचं. तो कागद करारासारखाच मानतात. उशिरा आलेल्या निबंधाचे किती गुण कापणार हे त्यात लिहिलं नसेल, तर नोव्हेंबरात वाद तुझ्या दारात येणार.

समोर बसलेली मुलं साहित्याची नसतात. नर्सिंग, बिझनेस, इंजिनिअरिंग, पोलीस खात्यात जाऊ पाहणारी; पदवीला एक साहित्याचा कोर्स लागतो म्हणून आलेली. त्यांना साहित्याचा इतिहास सांगत बसलीस तर दुसऱ्या आठवड्यात वर्ग हातातून जाईल. त्यांना एक छोटा मजकूर द्यायचा आणि त्यात काय दिसतं ते विचारायचं. लेखकाचं चरित्र आणि कालखंड नंतर.

मी एका आठवड्यात जनाबाईचा अभंग इंग्रजी भाषांतरात देते, ज्यात देव तिच्याबरोबर दळू लागतो. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे तुझ्याच जिल्ह्यातली. जातं म्हणजे काय ते फळ्यावर चित्र काढून दाखवते, पाळी, खुंटा, पीठ, आणि गप्प बसते. एकदा रात्रपाळी करून आलेली एक नर्सिंगची मुलगी बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, इथं ही बाई देवाची स्तुती करत नाहीये, देवच तिच्या कामाला हात लावतोय. आणि तिला त्याचं नवल वाटत नाहीये. मी तिला विचारलं, नवल वाटत नाही हे कुठल्या ओळीवरून म्हणतेस? तिनं ओळ दाखवली. पुढचा अर्धा तास वर्ग त्या एका ओळीवर बोलत होता. पहिल्या कोर्सात एवढंच शिकवायचं असतं: जे म्हणतोस ते मजकुरात दाखव. निबंधही याच पायावर लिहून घ्यायचा. एक दावा, त्याला दोन-तीन जागांचा आधार. कच्चा खर्डा मी वर्गात, हातानं लिहून घेते; चॅटजीपीटी आल्यापासून ते फार गरजेचं झालंय.

काही गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पाळायच्या. गुण दारावर लावायचे नाहीत, एकाचे दुसऱ्यासमोर बोलायचे नाहीत, मुलाच्या लेखी संमतीशिवाय आईवडिलांनाही सांगायचे नाहीत. १९७४ चा कायदा आहे त्यासाठी. एखाद्या मुलाला परीक्षेत जादा वेळ द्यावा असं विद्यापीठाच्या कार्यालयाचं पत्र आलं तर तो द्यायचाच, आजार कोणता ते विचारायचं नाही. उच्चारांचं दडपण घेऊ नकोस. सावकाश बोल आणि महत्त्वाचा शब्द फळ्यावर लिही.

आणि एक तुझ्या बाजूचं. शंभर-सव्वाशे पोरांच्या सक्तीच्या इंग्रजीच्या वर्गात, एसटीनं खेड्यातून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणाऱ्या मुलांना तू शिकवलंयस. इथल्या वर्गांतही घरातलं पहिलंच पदवी घेणारं मूल पुष्कळदा असतं, आणि त्याला कसं सांभाळायचं हे तुला आधीच येतं. अर्जात हे ठासून लिही.

मला विचारशील तर परवान्याची वाट बघत घरी बसू नकोस. पीएच.डी.ला अर्ज कर. अर्जांच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात. चांगल्या विभागात प्रवेश मिळाला तर फी माफ होते, टीचिंग असिस्टंट म्हणून दरमहा मानधन मिळतं, आणि हाच पहिला कोर्स तुला देखरेखीखाली शिकवायला देतात. त्यासाठी एच-फोरवरून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल; त्यावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत विद्यापीठातच काम करता येतं. पण साहित्याच्या पीएच.डी.नंतरही कायमच्या जागा थोड्याच आहेत, हे धरूनच निर्णय घे.

निघण्याआधी नांदेडला विष्णुपुरीला एक चक्कर मार आणि विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट्स सीलबंद पाकिटात, तीन-चार प्रतींत घे. इथून ते काम करवून घेणं फार जिकिरीचं होतं. दोन्ही प्राचार्यांकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घे: कुठल्या वर्षी, कोणता पेपर, आठवड्याला किती तास, वर्गात किती मुलं. सीएचबीवाल्यांकडे बहुधा नुसती बिलं असतात, ती इथं कुणाला कळत नाहीत. शिफारसपत्रासाठी ज्या सरांनी तुझं लिखाण खरोखर वाचलंय त्यांनाच सांग, पद मोठं असलं म्हणून कुणाला नको. आणि पंधरा आठवड्यांच्या कोर्सचा एक सिलॅबस आताच लिहून काढ. झाला की मला पाठव, मी खुणा करून परत देते.