जुनी घेतलेली बाईक झटके देत बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. काय तपासावं?

पंधरा-वीस मिनिटं नीट चालून मग असं होतंय आणि गाडी कार्ब्युरेटरवाली आहे (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग), तर पहिला संशय पेट्रोल पोचण्यावर घ्या. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज करत हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. आत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. भोक साफ केलं की काम झालं.

तसं नसेल तर इंजिन गार असताना कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. माझ्या जुन्या गाडीत तळाशी चहापूडसारखा तांबूस गाळ बसला होता, म्हणजे टाकी आतून गंजलेली. नुसता कार्ब्युरेटर धुऊन भागत नाही, जेट, म्हणजे त्यातलं पेट्रोल जाण्याचं बारीक भोक, पुन्हा तुंबतो. आधी टाकी साफ करून घ्या.

पेट्रोल ठीक असेल तर बंद पडल्या पडल्या प्लगची ठिणगी बघा, पण पेट्रोल सांडलेल्या जागेपासून लांब. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर येते, तर कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) किंवा सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तपासायला द्या.

तोवर गाडी हायवेवर नेऊ नका, मागून ट्रक येत असतात.