आधी भाकर, मग प्रवास

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वडिलांना अर्धांगाचा झटका आल्यापासून नोकरी, घर आणि त्यांचं अंथरूण, तिन्ही तू एकटी ओढते आहेस. प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द येत नाहीत, नुसता डोळा लागतो, असं लिहितेस आणि विचारतेस, 'बाई, माझा विश्वास कमी पडतोय का?'

नाही गं. तू दमली आहेस. दमणं वेगळं आणि विश्वास डळमळणं वेगळं. मंडळीतली जाणती माणसंही या दोन्हींची गल्लत करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. आजाऱ्याच्या घरी येऊन, चहा पिऊन, 'विश्वास ठेव, सगळं ठीक होईल' एवढंच सांगून जाणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस.

बायबलमधल्या राजे पहिल्या पुस्तकाचा 19वा अध्याय उघड आणि सावकाश वाच. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच एलीया संदेष्टा इथे ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो आहे. बैर-शेबाला पोचल्यावर चाकराला तिथेच ठेवून तो एकटा रानात जातो. दिवसभर चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता माझा प्राण घे. संदेष्टा असं बोलतो, आणि पवित्र शास्त्र ते लपवत नाही.

देवाने काय केलं? त्याला झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया जेवला आणि पुन्हा आडवा झाला. तरी कोणी रागावलं नाही. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवू घातलं आणि म्हणाला की पुढची वाट तुला झेपण्यासारखी नाही. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस, चाळीस रात्री चालत देवाच्या डोंगराला, होरेबाला पोचला. 'तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न तिथे आला, झुडपाखाली नाही. आधी झोप, भाकर, पाणी, जाब नंतर. तुला रात्री डोळा लागतो, तेव्हा देव तुझ्यावर रुसून बसला आहे असं मी तरी मानत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. देवाचं सामर्थ्य मिळालं तर हा अशक्तपणा जाईल का? कदाचित जाणार नाही, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. 'माझी कृपा तुला पुरे आहे' असं उत्तर आलं. काटा निघाल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच बघ. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायच्या इराद्याने. पण कान अधू होत चालले होते आणि वैद्यकीचं दार बंद झालं. तोवर आई, वडील, भाऊ, नवरा सगळे गेले होते; पदरात लहानगी मनोरमा. बहिरेपण पुढेही गेलं नाही. तशाच अवस्थेत 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उभं राहिलं, आणि 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला सांभाळल्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई होती ती! हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली, तरी ते काम त्यांनी सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये देह ठेवण्याआधी ते पुरं केलं. त्या दिवसाला लागेल तेवढं बळ त्यांना त्या दिवशी मिळत गेलं, असं मला वाटतं. तूही पुढच्या वर्षाचं बळ आज मागू नकोस. आजच्या रात्रीचं माग.

आणि ते बळ बहुतेक वेळा माणसांच्या हातून येतं. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना, इस्राएलच्या विजयासाठी उंच धरलेले मोशेचे हात भरून आले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी सूर्य मावळेपर्यंत हात धरून ठेवले. मोशेला त्यात कमीपणा वाटला नाही. तू मात्र शेजारच्या काकूंनाही 'नको, मी करते' म्हणतेस, हे मला ठाऊक आहे. ते थांबव.

शब्द सुचत नसतील तर 88वं स्तोत्र मोठ्याने वाच. ते अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे.

वडिलांची कूस दर दोन तासांनी बदलायची, पण प्रत्येक वेळी तूच उठायला हवं असं नाही. महिला मंडळातल्या दोघींशी बोलले आहे. बुधवारी आणि शनिवारी रात्री त्या येतील. त्यांना औषधांच्या वेळा कागदावर लिहून दे आणि आतल्या खोलीत जाऊन झोप. मी गुरुवारी दुपारी येते, डबा घेऊन येईन. स्वयंपाक करून ठेवू नकोस.

तुझ्या,
बाई