इस्तंबूलला जाण्याआधी काय वाचावं? शेवटाकडून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की आठवडाभर इस्तंबूलला जायचं आहे, इतिहासाची आवड आहे, पण रोमन, बायझंटाईन, ऑटोमन आणि मग तुर्की प्रजासत्ताक हा सगळा पसारा बघून कुठून हात घालावा ते कळत नाही, तेव्हा जाण्याआधी वाचायला तीन-चार पुस्तकं सुचवा.

माझं सांगणं असं की शेवटाकडून वाचत मागे जा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इथे राजधानी आणली त्या 330 सालापासून सुरुवात केलीत तर विमानात बसेपर्यंत ऑटोमनांनी शहर जिंकलं ते 1453 सुद्धा येणार नाही. शिवाय जस्टिनियन, फातिह मेहमद, सुलेमान अशा सम्राट-सुलतानांची माहिती तिथे पावलोपावली मिळते, गाईडही ती छान सांगतात. गेल्या शंभर वर्षांत या शहरातून कोण निघून गेलं आणि का, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली जवळपास निम्मी वस्ती ग्रीक, आर्मेनियन, ज्यू अशी बिगर-मुस्लिम होती. आज ग्रीक ऑर्थोडॉक्स उरलेत ते दोन-तीन हजारांच्या घरात. हे माहीत नसताना शहर बघितलं तर ते फार सुंदर दिसतं, पण समजत नाही.

म्हणून पहिलं पुस्तक ओऱ्हान पामुक यांचं 'इस्तंबूल'. पामुक 1952 चे, निशांताशी भागात वाढलेले. साम्राज्य गेलं, राजधानीही 1923 मध्ये अंकाराला गेली, आणि मागे राहिलेल्या शहरात एक मुलगा खिडकीतून बॉस्फरस सामुद्रधुनीतली जहाजं मोजत बसतो, किनाऱ्यावरचे जुने लाकडी वाडे रात्री जळताना बघतो. पुस्तकभर काळेपांढरे फोटो आहेत, त्यांतले कितीतरी आरा गुलेर या आर्मेनियन वंशाच्या इस्तंबूलकर छायाचित्रकाराचे. घाईत असाल तर नुसते फोटो बघत पानं उलटा, तरी चालेल.

दुसरं चार्ल्स किंग यांचं 'मिडनाईट अ‍ॅट द पेरा पॅलेस'. ओरिएंट एक्स्प्रेसच्या प्रवाशांसाठी 1892 मध्ये उघडलेल्या हॉटेलाभोवती त्यांनी दोन महायुद्धांमधलं शहर उभं केलंय. पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर शहरात इंग्रज, फ्रेंच आणि इटालियन फौजा होत्या. 1920 मध्ये क्रिमियातून पळालेले रशियन जहाजं भरभरून इथे उतरले, आणि 1929 मध्ये स्टालिनने हाकललेला रशियन क्रांतीचा नेता ट्रॉट्स्कीही इथल्याच बेटावर येऊन राहिला. वाचायला हे सगळ्यात सोपं पुस्तक आहे.

ही दोन वाचून जुन्या पेरा भागातल्या इस्तिकलाल रस्त्यावर गेलात की दुकानांच्या वर, इमारतींकडे बघत चाला. चिचेक पसाजी ही फोटोंसाठी प्रसिद्ध असलेली गल्ली मुळात 'सिते द पेरा', 1876 ची, एका ग्रीक बँकरने बांधलेली. 1942 मध्ये संपत्ती कर आला. कागदावर तो सगळ्यांना होता, प्रत्यक्षात बिगर-मुस्लिमांवर कित्येक पटींनी लादला गेला आणि न भरू शकणाऱ्यांना पूर्वेकडे अश्कालेच्या श्रमछावणीत पाठवलं. 6 सप्टेंबर 1955 ला, प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांच्या ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीतल्या जन्मघरी बॉम्ब फुटल्याच्या बातमीवरून, जमावाने याच रस्त्यावरची ग्रीकांची दुकानं फोडली. त्या रात्रीनंतरचे फोटो बघा, रस्ताभर कापडाची ठाणं उलगडून पडलेली दिसतात. 1964 मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना 20 किलो सामानानिशी देश सोडायला लावला. त्यांतले कितीतरी जन्माने इथलेच होते. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि सहलीच्या कार्यक्रमात तो हमखास नसतो.

कादंबरी वाचत असाल तर अहमद हमदी तानपिनार यांची 'द टाइम रेग्युलेशन इन्स्टिट्यूट' घ्या. वरवर घड्याळांची गोष्ट आहे, आतून एका पिढीला नवा काळ कसा हुकमाने स्वीकारावा लागला त्याची. 1928 मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. आपल्याला पणजोबांचे मोडीतले कागद वाचता येत नाहीत तसंच तिथे, फक्त तो बदल काही महिन्यांत झाला. पाणपोयांवरचे आणि थडग्यांवरचे लेख स्थानिक लोकांनाही वाचता येत नाहीत, हे तुमच्या लक्षात येईलच.

आता हागिया सोफिया, म्हणजे जस्टिनियनने बांधलेलं चर्च, जी वास्तू पुढे मशीद आणि मग संग्रहालय झाली. तिच्यासाठी प्रोकोपियस वाचा, आणि त्याची दोन पुस्तकं थोडी थोडी. हा सहाव्या शतकातला, जस्टिनियनच्या दरबारच्या वर्तुळातला इतिहासकार. 'बिल्डिंग्ज'मध्ये तो या वास्तूचं आणि सम्राटाचं तोंड भरून कौतुक करतो. घुमट जणू सोन्याच्या साखळीने स्वर्गातून टांगलाय, असं वर्णन त्याचंच. आणि 'सीक्रेट हिस्टरी'त तोच माणूस त्याच सम्राटाला राक्षस ठरवतो, थिओडोरा राणीबद्दल तर लिहवत नाही असं लिहितो. हे दुसरं पुस्तक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडून 1623 मध्ये छापलं गेलं. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन साक्षी एकापाठोपाठ वाचल्या की पुढे कुठल्याही जाड इतिहासाकडे तुम्ही सावधपणे बघाल.

2020 पासून हागिया सोफिया पुन्हा मशीद आहे, आणि 2024 पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जात नेतात. दक्षिणेकडच्या सज्जात ख्रिस्ताचं मोठं मोझेक आहे, खालचा भाग गळून गेलेलं. त्याच्या समोर फरशीत एक दगड आहे, 'हेन्रिकस दांदोलो' असं कोरलेला. हा व्हेनिसचा वृद्ध, अंध शासक. 1204 मध्ये ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी हे ख्रिस्ती शहर लुटलं, त्या मोहिमेच्या अग्रभागी तो होता, आणि मेल्यावर इथेच पुरला गेला. दगड एकोणिसाव्या शतकातला आहे, पण तिथे दोन मिनिटं थांबाच. 1453 चा वेढा सविस्तर हवा असेल तर रॉजर क्राउली वाचा. तोपकापी राजवाड्यासाठी पामुक यांचीच 'माय नेम इज रेड' आहे, सोळाव्या शतकातल्या चित्रकारांची, पण ती सावकाश वाचण्याची आहे.

मराठीत मीना प्रभूंचं 'तुर्कनामा' जरूर वाचा. ते सगळ्या तुर्कस्तानचं प्रवासवर्णन आहे. आणि दोल्माबाह्चे राजवाड्यात गेलात की एक आठवा: मार्च 1924 मध्ये खिलाफत रद्द झाली तेव्हा शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांना इथूनच रातोरात देशाबाहेर पाठवलं. त्यांची मुलगी दुर्रुशेवार 1931 मध्ये हैदराबादच्या निजामाची थोरली सून झाली. तेव्हा मराठवाडा त्याच संस्थानात होता.

पिशवीत मात्र एकच पुस्तक ठेवा, सम्नर-बॉइड आणि फ्रीली यांचं 'स्ट्रोलिंग थ्रू इस्तंबूल'. 1972 चं आहे, तेव्हा वेळा आणि तिकिटं त्यात बघू नका. गल्ल्या, दर्गे, छोट्या मशिदी यांसाठी ते वापरा. पामुक यांची 'द म्युझियम ऑफ इनोसन्स' आधीच वाचली असेल तर तीही न्या, छापील प्रतच. त्याच नावाचं संग्रहालय त्यांनी 2012 मध्ये चुकुर्जुमात उघडलंय, आणि कादंबरीच्या शेवटी छापलेल्या तिकिटावर शिक्का मारून तिथे फुकट प्रवेश देतात.